शंका असल्यास बॉल आत

मानवजातीने शंकेवर पहिला निर्णायक विजय मिळवला तो नाशिकमध्ये, गंगापूर रोडवरच्या गोदाकाठ जिमखान्यात. मानवजातीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण हा विजय पन्नाशीपुढच्या टेनिस गटापुरता होता, आणि तोही शनिवार-रविवारी सकाळी, कोर्ट मोकळं असेल तर.

या गटात उपेंद्र खरवंडीकर होता. तो सर्व्हेअर. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून देणारा. ड्रोन, उपग्रह आणि लेझर आल्यानंतरसुद्धा कुठलीही रेषा तीनदा मोजल्याशिवाय नकाशावर न काढणारा. धंद्यात हा गुण होता. घरी त्याला गुण म्हणत नसत. "आमच्याकडे गॅस बंद केलाय का हे बघायला एक माणूस जिन्यातून परत येतो," त्याची बायको शलाका पाहुण्यांना सांगायची, "आणि मग कुलूप लावलंय का हे बघायला तोच माणूस गाडीतून परत येतो. नाटकाचा पहिला अंक मी गेल्या पंधरा वर्षांत पाहिलेला नाही."

टेनिसमध्ये तो सरावाचा राजा होता. नुसतं रॅली करायचं म्हटलं की त्याचा बॅकहँड बघायला शेजारच्या कोर्टावरचे लोक थांबत. पण कुणी "चला, गुण मोजू या" म्हणालं, की त्याच हाताचा वासा व्हायचा. पाच-तीनने पुढे असताना तो विचार करायचा, आता हरलो तर? आणि मग हरायचा.

हरायचा तो निनाद बागूलकडून. निनादचं सातपूरला प्लायवुडचं दुकान होतं आणि त्याचा खेळ त्या दुकानासारखाच होता: देखणं काही नाही, पण माल कधी संपत नाही. तो बॉल मारत नसे, परत पाठवत असे. जोर आला की उंच लॉब टाकायचा आणि बॉल खाली येईपर्यंत घाम पुसून घ्यायचा. "उप्या, तुझा खेळ म्हणजे लग्नातला शालू," तो म्हणायचा. "दिसतो झकास. नेसून धावता येत नाही."

दोघांची एक रीत होती. जो जिंकेल त्याने हरलेल्याला मिसळ खिलवायची. हरलेला माणूस मुळातच दुःखी असतो, त्याला वर खर्चात कशाला पाडा, असं निनादचं तत्त्व. या रीतीमुळे गेल्या कित्येक वर्षांत आहेरकाकांच्या मिसळीचे पैसे उपेंद्रने एकदाही दिले नव्हते. तो पापड मोडत मोडत आपल्या चुका सांगायचा, निनाद रस्सा मागवत मागवत ऐकायचा. उपेंद्रचे वडील गेले तेव्हाही पुढच्या रविवारी निनादने त्याला कोर्टावर ओढून नेलं, सहा-शून्यने हरवलं आणि समोर बसवून खायला घातलं. उपेंद्र त्या दिवशी मिसळीवर रडला. तर्री जास्त झाली, असं दोघांनी ठरवलं.

दुसरी रीत जिमखान्याची, म्हणजे खरं तर सगळ्या हौशी टेनिसची. या खेळाला पंच नसतो. बॉल ज्याच्या बाजूला पडतो त्यानेच आत की बाहेर सांगायचं, आणि समोरच्याने ते मानायचं. मात्र एक अट आहे, आणि ती कोर्टाच्या दारावर पाटी करून लावलेली होती: 'शंका असल्यास बॉल आत.' नक्की दिसलं नसेल तर गुण समोरच्याचा. एवढ्या एका पाटीवर सभ्य माणसांची शेकडो भांडणं टळलेली होती. उपेंद्रला तर प्रत्येक बॉलची शंका यायची, त्यामुळे त्याच्याशी खेळायला सगळ्यांना आवडायचं.

दोन हजार अडतीस सालच्या हिवाळ्यात जिमखान्याने दोन्ही कोर्टांना नवा निळा थर दिला आणि रेषा नव्याने आखल्या. सर्वांत कमी दराची निविदा भरणारा कंत्राटदार आला होता. त्याचं लेझरचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून तो जुन्या कापडी टेपेने मोजत होता. उपेंद्र सकाळी चालायला गेला असताना त्याला दिसलं, की टेपेचं टोक तुटलेलं आहे. ती नवव्या इंचापासूनच सुरू होत होती.

"अहो, हे तुटलेलं तेवढं धरलंय ना हिशोबात?" उपेंद्रने विचारलं.

"साहेब," कंत्राटदार मान वर न करता म्हणाला, "इथपासून पुण्यापर्यंतची निम्मी कोर्टं आपल्या हातची आहेत."

हे प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण ते इतक्या ठाम आवाजात आलं की उपेंद्रलाच आपण पोरकट काही विचारलं असं वाटलं, आणि तो चालायला निघून गेला.

नव्या कोर्टावर पहिल्याच आठवड्यात विचित्र प्रकार सुरू झाला. सगळ्यांचे फटके वीतभर बाहेर पडायला लागले. वर्षानुवर्षं बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, आत पडणारे बॉल किंचित पलीकडे जाऊ लागले. सर्व्हिस लांब जाऊन डबल फॉल्ट व्हायला लागले. पन्नाशीपुढच्या माणसाचे फटके बाहेर जायला लागले की त्याला वाटतं, आपलं वय झालं. उपेंद्रला ते आधीपासूनच वाटत होतं.

"निन्या, हे कोर्ट आखूड वाटतंय रे मला."

"मागच्या महिन्यात वारा होता. त्याआधी रॅकेटच्या तारा सैल होत्या." निनाद बाटलीचं झाकण लावत म्हणाला. "तू कारणांचा साठा कुठून करतोस? होलसेल भाव सांग." त्याचेही लॉब बाहेर जात होते. त्याने ते मनावर घेतलं नव्हतं, थोडे बेताने मारायला लागला होता.

पुढच्या रविवारी लवकर येऊन एकदा मोजूनच टाकू, असं ठरवून उपेंद्रने स्टीलची टेप गाडीच्या डिकीत टाकली. त्याआधी शनिवार आला, आणि शनिवारी जिमखान्याच्या हॉलमध्ये डॉ. इरावती सोनवणे यांचं भाषण होतं.

डॉ. इरावती मेंदूविज्ञानाच्या संशोधक. अंबडला त्यांची छोटी कंपनी होती. विषय होता 'खेळातील आत्मविश्वास', त्यामुळे गटातले सगळे हजर होते, आणि सगळे मागच्या रांगेत बसले होते.

"आत्मविश्वास नावाची वस्तू मेंदूत आम्हाला कुठेही सापडली नाही," बाईंनी सुरुवातच अशी केली. "सापडली ती शंका. तिचा पत्ता पक्का आहे."

मेंदूच्या दोन अर्धांमध्ये, पुढच्या बाजूला, कमानीसारखी एक पट्टी असते. आपण जे करतोय आणि जे व्हायला हवं, त्यांचा मेळ घालत बसणं हे तिचं काम. मेळ बसत नाही असं तिला वाटलं, की सेकंदाच्या दहाव्या भागात तिथून विजेची एक लहर उठते. ती लहर म्हणजे शंका. सर्व्हिस कशी टाकायची हे लहान मेंदूला वर्षांच्या सरावाने पाठ झालेलं असतं, त्याला कुणी विचारत नाही तोवर तो ते काम चोख करतो. पण शंकेची लहर आली की मोठा मेंदू मध्ये पडतो आणि म्हणतो, थांब, मी बघतो. लग्नात आचाऱ्याच्या मागे उभं राहून मीठ विचारणारे काका असतात ना, तसा. स्वयंपाक तिथेच बिघडतो.

"आमचं यंत्र फक्त काकांना बाहेर बसवतं," डॉ. इरावती म्हणाल्या. त्यांनी दोन बोटांत धरून दाखवलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे चिकटवायचं. ते मेंदूच्या लहरी ऐकत राहतं आणि शंकेची लहर उठू लागली, की ध्वनीचा एक सूक्ष्म झोत नेमका त्या पट्टीवर सोडून तिला उठायच्या आत बसवतं. दुखत नाही, औषध नाही. नाव 'निःशंक'.

"काही धोका?" उपेंद्रने विचारलं. अर्थात त्यानेच.

"वापर नसलेला भाग सुस्तावतो, ही एक शक्यता आहे. तरुणांमध्ये यंत्र काढल्यावर तो जागा होतो. पन्नाशीपुढची आकडेवारी अजून आलेली नाही."

आकडेवारी का आलेली नव्हती, ते पुढच्या दोन महिन्यांत स्पष्ट झालं. ती हेच लोक होते.

निनादने घेतलं नाही. "मला शंका लागते," तो म्हणाला. "गिऱ्हाईक उधारी मागतं तेव्हा तीच माझी पार्टनर असते."

उपेंद्रने शनिवारी संध्याकाळी कानामागे शेंगदाणा चिकटवला. रविवारी सकाळी तो कोर्ट मोजायला लवकर जाणार होता. पण कोर्ट बरोबर आहे हे त्याला आता ठाऊक होतं. टेप डिकीतच राहिली.

खेळ मात्र बदलला. हाताचा वासा झाला नाही. सरावातला बॅकहँड मॅचमध्ये आला, जणू इतकी वर्षं बाहेर चपला काढून उभा होता आणि आज कुणीतरी आत या म्हणालं. पाच-तीन झाले आणि उपेंद्रच्या मनात काहीच आलं नाही. मॅच पॉइंटला निनादने आपला नेहमीचा लॉब टाकला. बॉल उंच गेला, उन्हात नाहीसा झाला आणि बेसलाइनपाशी पडला.

"आउट," उपेंद्र म्हणाला.

निनादने कपाळावरचा घाम पुसला. "नक्की?"

हा प्रश्न आक्षेपाचा नव्हता. इतकी वर्षं तो असाच विचारला जायचा, आणि त्यावर उपेंद्र म्हणायचा, "तसं नक्की नाही... आत धर." निनादही तसंच करायचा. बोटभर बाहेर पडलेले उपेंद्रचे कितीतरी बॉल त्याने "नीट दिसलं नाही रे" म्हणत आत दिले होते, डोळे उत्तम असताना. त्यांची मैत्री जिथे राहत होती ती जागा फार लहान होती. बॉल आणि रेषा यांच्यामध्ये जेवढी उरते, तेवढीच.

"नक्की," उपेंद्र म्हणाला.

"बरं," निनाद म्हणाला आणि नेटपाशी येऊन त्याने मनापासून पाठीवर थाप मारली. "शेवटी शालू खोचलास तर! चल, आज पहिल्यांदा तुझ्या पैशांची मिसळ. आहेरकाकांना धक्का बसेल, सांभाळून सांगू."

मिसळ खाताना निनादने जुन्या रीतीप्रमाणे आपल्या चुका सांगायला सुरुवात केली. उपेंद्र म्हणाला, "चुका नव्हत्या त्या. मी चांगला खेळलो." निनाद दह्याची वाटी पुढे ओढून खात राहिला.

महिन्याभरात जिमखान्यात निनाद सोडून प्रत्येकाच्या कानामागे शेंगदाणा होता आणि निनाद खेळत नसेल अशी एकही मॅच पुरी होत नव्हती. दारावरची पाटी जागेवर होती, पण शंका कुणालाच नसायची. रेषेजवळ पडलेला प्रत्येक बॉल, हाताच्या पंज्याएवढा आत असो की बाहेर, ज्याच्या बाजूला पडला त्याच्या मते बाहेर आणि ज्याने मारला त्याच्या मते आत असायचा. भांडणं म्हणावीत तर आवाज चढत नसत. चिडायलासुद्धा आपलं चुकलं असेल ही भीती थोडीफार लागते. चार सभ्य गृहस्थ नेटपाशी शांतपणे उभे असत, ऊन वर येत असे, आणि ते उभेच असत.

जिमखान्याने रेषेवर कॅमेरे बसवले. कॅमेऱ्याने निकाल दिला की ज्याच्या विरुद्ध जाई तो म्हणे, "कॅमेरा बिघडलाय." सगळ्यांच्याच विरुद्ध कधी ना कधी निकाल गेल्यावर वार्षिक सभेत कॅमेरे काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या वर्षातलं ते एकमेव एकमत.

घरी शलाकाला नाटकाचे पहिले अंक दिसू लागले. सुरुवातीला ती खुश होती.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "पूर्वी तू दिवसातून दहा वेळा विचारायचास, चिडलीस का, चिडलीस का. मला त्याचाच राग यायचा."

"हं."

"आता विचारत नाहीस."

"कारण तू चिडलेली नाहीस."

"मी चिडलेय, उपेंद्र."

"नाही चिडलेलीस," तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. तिने उठून बहिणीला फोन लावला आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दार का लावलं, हेही उपेंद्रला ठाऊक होतं: टीव्हीचा आवाज मोठा होता.

निनाद तोवर सगळ्यांकडून हरू लागला होता. गणित साधं होतं. सगळ्या क्लबात शंका येणारा एकच माणूस उरला, की संशयास्पद बॉल त्याच्या बाजूला पडले तर तो समोरच्याला देणार, आणि समोरच्याच्या बाजूला पडले तर समोरचा देणार नाही. हरण्याबद्दल तो कधी कुरकुरला नव्हता. पण एक दिवस बूट काढता काढता म्हणाला, "उप्या, गेल्या दोन महिन्यांत तू मला एकही बॉल दिला नाहीस."

"एकही आत नव्हता."

"एकही?"

"एकही."

निनादने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "बरं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो अंबडला, डॉ. इरावतींच्या कंपनीत, जाऊन आला.

जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धेची फायनल या दोघांमध्ये झाली. बाकीच्यांच्या मॅचेस पुऱ्या न झाल्याने ते बाद ठरले होते. या दोघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती, आणि त्यानंतर समोर यायला कुणी उरलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी उपेंद्रला करंडकावर नाव हवं होतं, आणि ते मिळणार हे त्याला माहीत होतं. आपण मिळवणार, हे निनादलाही माहीत होतं.

खेळ असा झाला की गोदाकाठ जिमखान्याने तसा कधी पाहिला नव्हता. उपेंद्रचा बॅकहँड सुरीसारखा चालत होता आणि निनाद भिंतीसारखा उभा होता. तिसऱ्या सेटचा टायब्रेकर सहा-सहा झाला. जिमखान्याचा नियम असा, की सहा-सहाला पुढचा एकच गुण घेईल तो जिंकला, कारण आठ वाजता कोर्ट मुलांच्या शिबिराला द्यायचं असतं. निनादने लॉब टाकला. उपेंद्र मागे धावला, थांबला. बॉल बेसलाइनपाशी पडून मागच्या कुंपणाच्या जाळीला लागला.

"आउट," उपेंद्र म्हणाला.

"आत," नेटपलीकडून निनाद म्हणाला.

"माझ्या बाजूला पडला, बागूल."

"मला दिसला, खरवंडीकर."

एवढंच. आडनावाने त्यांनी एकमेकांना आजवर कधी हाक मारली नव्हती. कुणी 'नक्की?' असं विचारलं नाही. दोघे नेटपाशी आले, दोघांनी विजेत्याने करतात तशी मान हलवली, दोघांनी एकमेकांना "चांगला खेळलास" म्हटलं, आणि बॅगा उचलल्या.

मग दोघे आहेरकाकांकडे गेले. जिंकलेल्याने हरलेल्याला मिसळ खिलवायची, ही रीत दोघांनाही पाठ होती. उपेंद्र खिडकीजवळच्या टेबलावर बसला आणि त्याने दोन प्लेट मागवल्या. निनाद दाराजवळच्या टेबलावर बसला आणि त्यानेही दोन मागवल्या.

आहेरकाकांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "एकत्र बसा की हो," ते म्हणाले. "मला इकडून तिकडं कशाला पळवता?"

"तो येईल," उपेंद्र म्हणाला.

"येईल तो," निनाद म्हणाला.

दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसायचं म्हणजे हरलो म्हणायचं. दोघेही तसे दिलदार होते. समोरच्या हरलेल्या मित्राबद्दल दोघांनाही खरंच वाईट वाटत होतं. दोघांनी आपापली प्लेट सावकाश संपवली. समोरच्या प्लेटींवर तर्री गोठत गेली, पापड मऊ पडले. शेवटी निनाद उठला, चार प्लेटींचे पैसे देऊ लागला. उपेंद्रही तेच करायला गल्ल्यापाशी आला. आहेरकाकांनी दोघांकडूनही घेतले.

त्यानंतर ते बोललेले नाहीत.

पुढे डॉ. इरावतींच्या कंपनीने पन्नाशीपुढच्या ग्राहकांना यंत्र काढून ठेवायला कळवलं. उपेंद्रने काढलं. शलाका तेव्हा बहिणीकडे राहत होती. ती परत येईल याची त्याला खात्री होती, म्हणून त्याने बोलावलं नव्हतं. रोज सकाळी तो दाराला कुलूप लावून जिन्यात क्षणभर थांबायचा. आतून काही येतंय का बघायचा. काही यायचं नाही. खाली उतरून जायचा.

खेळायला कुणी येईना, तेव्हा जिमखान्याने कोर्टांचं पार्किंग करायचं ठरवलं. नवा कंत्राटदार आला, त्याने सर्व्हेअर सभासद म्हणून उपेंद्रला बोलावलं. "नेटच्या खांबापासून रेषेपर्यंतचं अंतर सांगा साहेब, त्यावर गाड्यांचे पट्टे पाडतो."

उपेंद्रने डिकीतून स्टीलची टेप काढली. कंत्राटदाराने एक टोक खांबाशी धरलं, उपेंद्र बेसलाइनपर्यंत चालत गेला आणि वाकला.

"किती?"

"अडतीस फूट तीन इंच."

"परत एकदा बघायचं का?"

"नको," उपेंद्र म्हणाला. त्याने टेप गुंडाळली. खिशातून फोन काढून निनादचं नाव उघडलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं. निनाद फोन उचलणार नाही याची त्याला खात्री होती. त्याने फोन खिशात ठेवला.

टेनिसच्या नियमाप्रमाणे नेटपासून बेसलाइन एकोणचाळीस फुटांवर असते, आणखी नऊ इंच पलीकडे. म्हणजे त्या वर्षी भांडण झालेला प्रत्येक बॉल आत होता.